भांड्यांचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली त्याला सहा वर्षं झाली — आणि मुलांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय समोर खुंटीवर ती शाल लटकते आहे, आणि ती दिसली की माझं डोकं फिरतं.

शाल मागच्या महिन्यात मिळाली. वर्ध्याला यकृतदानाचा कार्यक्रम होता. आता यकृत बदलता येतं — बापाच्या यकृताचा तुकडा काढून लेकराच्या पोटात बसवतात आणि दोघंही जगतात. असा एक बाप मंचावर बसला होता, मांडीवर पोरगं. पोरगं पेढा खात होतं. मला ते बघवेना. तेवढ्यात निवेदकाने माझं नाव घेतलं. सत्तावन्न साली, जेव्हा लहान मुलांच्या यकृताच्या आजारावर आपल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तेव्हा संशोधनासाठी घरोघर फिरून माहिती गोळा करणारे आपले गुरुजी — टाळ्या, शाल, श्रीफळ. घरोघर फिरून! त्या निवेदकाचं काय चुकलं? त्याला कुणीतरी सांगितलं असणार, आणि त्या कुणालातरी मीच. आयुष्यभर मी हेच सांगत आलोय.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. आमचं गाव अल्लीपूरपासून पायी तासाभरावर. घरची वांगी-मिरचीची वाडी, दारात दोन म्हशी, माल हिंगणघाटच्या बाजारात. मी गावच्याच शाळेत मास्तर होतो आणि अंगात खादी होती. आमच्या जिल्ह्यात त्या काळी खादी घातली की माणूस आपोआप चांगला ठरायचा, वेगळी चौकशी होत नसे. शाळेत मी सगळ्या मुलांना एका रांगेत बसवायचो, एका माठातलं पाणी प्यायला लावायचो. शिवाशिव हे पाप आहे, यावर भाषण ठोकायचो. भाषण मी छान करायचो. अजूनही करतो.

घरात माय, मोठा दादा आणि गिरजावहिनी. वहिनी माझ्याहून वर्षाने लहान होती, पण नात्याने मोठी, म्हणून मी तिला अहोजाहो करायचो आणि ती मला भाऊजी म्हणून चिडवायची. माझ्या खादीच्या सदऱ्याला ती पोतं म्हणायची. पोतं धुवायला टाका, भाऊजी! तिची दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला, दुसरा त्याहूनही लहान वयात. दोघांचं एकाच तऱ्हेने झालं. आधी मूल किरकिरं व्हायचं, मग पोट टम्म फुगायचं, हातपाय काड्या, उजव्या बरगडीखाली हाताला दगडासारखं लागायचं, आणि शेवटी डोळे पिवळे. मायने दोघांच्याही पोटावर बिब्ब्याचे चटके दिले. उपयोग कसला होणार? लेकरू त्या फोडांसकट गेलं.

असं आमच्याच घरी होत होतं असं नाही. गावातल्या बऱ्या घरांतून, म्हणजे ज्यांच्या दारात दुभतं जनावर होतं त्या घरांतून, मुलं अशी जात होती. एका आईची एकामागून एक जायची. आणि एका आईची जातात म्हटल्यावर लोकांना दुसरं काय सुचणार? बाईतच खोट. कूसच तशी.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यानंतर एक डॉक्टरीणबाई आमच्या भागात आल्या. चाळिशीच्या, पांढरं पातळ, पायात जाड वहाणा. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. या आजाराचं मूळ शोधायचं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यांना गावोगाव लिहिता-वाचता माणूस हवा होता, आमच्या गावात त्यांनी मला निवडलं. छापील तक्ते दिले, एका घराला एक तक्ता. मुलं किती, गेली किती, कशाने गेली, आईचं दूध किती महिने, वरचं दूध कधीपासून. आणि एक रकाना भांड्यांचा होता. दूध कशात तापवतात, कशात ठेवतात, किती वेळ ठेवतात, भांड्याला कल्हई आहे का.

भांड्यांचं का विचारायचं, हे मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नक्की ठाऊक नाही, शंका आहे. ताक किंवा आंबट वरण पितळेत ठेवलं की कळकतं, हे तुमच्या आईला ठाऊक आहे ना? ठाऊक होतंच. आमच्या घरी कुणी ताक पितळेत ठेवलं असतं तर मायने घर डोक्यावर घेतलं असतं. पण दूध? दूध तर गोड. दुधाचा गंज, म्हणजे उभट पितळी पातेलं, सकाळी चुलीवर चढायचा आणि मंद आचेवर संध्याकाळपर्यंत तिथेच असायचा. आतली कल्हई कधीची उडाली होती. कल्हईवाला वर्षातून एकदा यायचा, आणि आला की आधी वरणाची, ताकाची भांडी पुढे जायची. दुधाच्या गंजाची पाळी येईपर्यंत त्याचं कथील संपलेलं असायचं. त्याच गंजातलं दूध गावातली तान्ही मुलं पीत होती.

बाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक — रोग कुठे आहे याच्याइतकंच तो कुठे नाही हेही लिहा, म्हणून गावातलं एकही घर सोडू नका. दुसरी — भांडी विचारू नका, आत जाऊन डोळ्यांनी बघा. लोक विचारलं की घरातलं चांगलं भांडं सांगतात. किती साधं काम! शाळेतल्या पोरानेही केलं असतं.

आमच्या वस्तीतली घरं मी आठवड्यात उरकली. प्रत्येक स्वयंपाकघरात गेलो, भांड्यात डोकावलो, चहा प्यायलो. सगळीकडे पितळ, पितळ, पितळ. उरली ओढ्यापलीकडची वीस-एकवीस घरं. ती माणसं आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. वस्तीचं नाव त्यांनी बौद्धवाडा केलं होतं, आमच्या जिभेवर मात्र जुनंच बसलेलं होतं. मी तिथे गेलो. गेलो म्हणजे — ओढा ओलांडला आणि पहिल्या घराअलीकडच्या लिंबाखाली उभा राहिलो. एकेकाला तिथेच बोलावून नावं घेतली, मुलं विचारली. बाकीचं त्यांनी सांगितलं ते लिहिलं. आत गेलो नाही.

मला कुणी अडवलं होतं का? नाही. माय काही बोलली असती का? बोलली असती, आंघोळ करायला लावली असती, एवढंच. मायवर ढकलणं सोपं आहे, ती आता उत्तर द्यायला नाही. पण खरं ते सांगतो — माझं मलाच नको वाटलं. त्या घरांत वाकून शिरायचं, त्यांच्या चुलीपाशी बसायचं, कुणी पाणी पुढे केलं तर? शाळेत एका माठातलं पाणी पाजणारा मी! तिथे माठ माझा होता, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

त्या वस्तीत कौतिकाबाई राहायची. सुईण होती. दोन्ही वस्त्यांतली बाळंतपणं तिनेच केलेली. मी तिच्याच हातांवर जन्मलो, आणि माझ्या आईएवढ्या त्या बाईला मी जन्मभर ‘कौतिके’ अशी हाक मारत आलो होतो. ती आपल्या दारात उभी राहून माझा तमाशा बघत होती. शेवटी तिथूनच ओरडली.

"मास्तर, तेथूनच काय लिवून राह्यले? या ना घरात. चूल पाहा, भांडे पाहा. तुमची नाळ म्या कापली, अन्‌ माह्याच घरात याले काऊन भेऊन राह्यले?"

चार माणसं हसली. मी म्हणालो, इथून चालतं, सांग तू. तेव्हा ती पदर खोचून लिंबाखाली आली, आणि ती जे बोलली ते माझ्या कानांतून आजवर गेलेलं नाही.

"मंग लिवा. आमच्या इकडचं एकबी लेकरू पोट वाढून नाई गेलं. हगवणीनं गेलं, खोकल्यानं गेलं, भुकेनं गेलं. पन तुमच्या घरच्यावानी पोट वाढून नाई. मले सगळ्याईची लेकरं ठावं हायेत. आमच्या इथं दूध कोठचं? मायचं सुटलं का पेज. मातीचं गाडगं, नाई त जर्मनचं भगोनं. पितळ त लग्नातबी नाई भेटत. हे असं काऊन हाये, ते पुसा तुमच्या बाईले."

पुसा तुमच्या बाईले! जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. अख्ख्या संशोधनाचं उत्तर त्या निरक्षर बाईने लिंबाखाली माझ्या हातात ठेवलं होतं. मी काय केलं? मला तिचा राग आला. मला शिकवते म्हणून राग आला. लोक हसले म्हणून राग आला. वही मिटली आणि घरी आलो.

घरी ओसरीवर बसून तक्ते पुरे करायला घेतले. भांड्यांचा रकाना कोरा होता. कोरा ठेवला तर बाई विचारणार, का कोरा? कौतिकाबाईने सांगितलं तसं लिहावं, तर बाई म्हणणार, चला, आपण जाऊन बघू. त्या खरंच गेल्या असत्या, थेट चुलीपर्यंत, आणि मला बरोबर नेलं असतं. आणि तिथे चार लोकांसमोर ती म्हातारी म्हणाली असती की मास्तर तर आत आलेच नव्हते. म्हणून मी लिहिलं — पितळ. एका घराला पितळ, दुसऱ्या घराला पितळ. कल्हई? नाही. किती वेळ ठेवतात? दिवसभर. आमच्या वस्तीतल्या तक्त्यांवरून उतरवत गेलो. मधे माझ्या मनाने मला काय समजावलं, सांगू? पितळ लिहिलं तर त्या लोकांचाच मान राहतो, असं! इतका निलाजरेपणा माणसाला बसल्या जागी सुचतो. वहिनी शेजारी मिरच्या निवडत होती. म्हणाली, भाऊजी, शाळेतल्या पोरांवानी भरभर काय लिवून राह्यले, नक्कल करता काय? थट्टेत म्हणाली.

बाई आल्या तेव्हा त्यांनी तक्ते चाळले आणि त्या वस्तीच्या गठ्ठ्यावर थांबल्या. या घरांतही पितळच? सगळ्यांत? मी म्हणालो, हो. तुम्ही आत जाऊन पाहिलंत? मी म्हणालो, पाहिलं.

पाहिलं. एवढाच तो शब्द. त्यासाठी मला घसासुद्धा खाकरावा लागला नाही.

बाई जराशा उदास झाल्या, असं मला वाटलं. म्हणाल्या, आजार नाही तिथेही पितळच असेल तर भांड्यांचा संबंध नसावा. आणि त्यांनी लाल पेन्सिलने तो रकाना खोडला. इतर गावांना जाणार होते त्या नव्या तक्त्यांवरूनही खोडला. मी बघत उभा होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं ना? दुसऱ्या दिवशी? त्या आठवड्यात? बाई अजून महिनाभर अल्लीपूरला होत्या. त्यांच्यावर मी कसा रागावू? त्यांनी माझ्या खादीवर विश्वास ठेवला.

भांडी गेल्यावर बाईंचं लक्ष घराण्याकडे वळलं. एकाच आईची मुलं का जातात? आईकडून काही येतं का? त्यांनी ते प्रश्न म्हणून विचारलं होतं. घरी जेवताना मी ते निकाल म्हणून सांगितलं. बाई म्हणतात, हे बहुतेक आईकडूनच येतं. का सांगितलं? मोठेपणा मिरवायला — मी संशोधनातला माणूस ना! वहिनी वाढत होती. तिला तेव्हा सातवा महिना होता. तिच्या हातातली पळी तशीच राहिली, आणि माय म्हणाली, "मी का सांगत होती? हिच्या दुधातच जहर हाये."

मुलगी झाली, कौतिकाबाईच्याच हातांवर. मुलीला वहिनीच्या अंगावर पाजायचं नाही, असं मायने ठरवलं. विषारी दूध नको, चांगलं म्हशीचं देऊ. पहिल्या दिवसापासून, त्या पितळी गंजातलं! आधीच्या दोघांना निदान काही महिने तरी आईचं मिळालं होतं. या पोरीला ते थेंबभरही मिळू दिलं नाही. वहिनीला पान्हा यायचा. ती माजघरात तोंडात पदर कोंबून बसायची, चोळी भिजायची, आणि बाहेर माय कापसाच्या बोळ्याने पोरीला पाजत असायची. हे मी पाहिलं. हे मात्र खरोखर, डोळ्यांनी पाहिलं. आणि मी घराबाहेर पडायचो, शाळेत जायचो, भाषण करायचो.

पोरगी दहा महिन्यांची होऊन गेली. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. बाराव्या दिवसानंतर दादाने वहिनीला माहेरी, सिंदी रेल्वे नावाच्या गावी, नेऊन सोडलं. हिंगणघाटच्या मोटारीपर्यंत तिचं गाठोडं मी उचललं होतं. तिने माझी थट्टा केली नाही. नुसतं विचारलं, "भाऊजी, तुमच्या बाईले आनखी काई समजलं काय?" मी म्हणालो, नाही.

दादाने दुसरं लग्न केलं. नव्या वहिनीने मुलांना दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं, कारण तिच्या दुधावर कुणाचा संशय नव्हता. तिची चारही मुलं जगली. आणि गाव म्हणालं, बघा! गिरजातच खोट होती. आणखी काय पुरावा हवा?

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या थोरल्या नातवाला हिंगणघाटला मुलांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तरुण डॉक्टर. सुनेला सहज विचारलं, वरचं दूध पितळेत-तांब्यात तापवत नाही ना? मी विचारलं, का हो? त्याने सांगितलं — कल्हई नसलेल्या भांड्यातलं तांबं दुधात उतरतं, तान्ह्या मुलाच्या यकृतात साठत जातं, आणि यकृत दगड होतं. आता डॉक्टरांना हे कळलंय, आजोबा, स्टीलची भांडी आल्यापासून तो आजारही दिसेनासा झालाय. त्याने नातवाच्या पोटावर हात फिरवला आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं.

आता ऐका. इथपर्यंतचं तुम्ही कदाचित पोटात घालाल. पोरवय होतं, काळच तसा होता, असं म्हणाल. म्हणू नका! काळ तसाच होता, आणि त्याच काळात कौतिकाबाई मला या ना घरात म्हणत होती. ती तर काळाला थांबली नव्हती.

दवाखान्यातून आल्यावर आठवड्याने मी सिंदीला गेलो. वहिनी पन्नाशीची झाली होती, भावाच्या घरी राहत होती. मला बघून तिला आनंद झाला. पोतं बरं हाये काय, म्हणून विचारलं! चहा केला. तेवढ्यात शेजारची एक लेकुरवाळी आली आणि आपलं तान्हं सहज तिच्या मांडीवर ठेवायला गेली. वहिनी चटका बसल्यागत मागे सरकली. म्हणाली, "नोको वं माय, माह्यापाशी नोको देऊ. मले लेकरू सोसत नाई." हसत म्हणाली, नेहमीचंच असावं तसं. भावाच्या चार मुलांतलं एकही तिने कधी मांडीवर घेतलं नव्हतं, हे मला तिच्या भावजयीने सांगितलं.

मी सांगायलाच गेलो होतो ना? वाक्यं पाठ करून गेलो होतो. वहिनी, तुमच्यात काही नव्हतं, तो गंज होता. पण ते सांगितलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं, हे कोणाला कधी समजलं, भाऊजी? आणि मग लिंब आला असता, ती ओसरी आली असती, ती नक्कल. मी चहा प्यायलो. वांग्यांच्या भावाबद्दल बोललो. संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. सिंदी काही परदेशात नाही. दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जायचो आणि दर संक्रांतीला तेवढंच सांगायचं ठेवून परत यायचो. ती गेली तेव्हा तिरडीला खांदा देणाऱ्यांत मी होतो. लोक म्हणाले, दिराने नातं राखलं.

कौतिकाबाई त्याच्या कितीतरी आधी गेली. डॉक्टरीणबाईही आता नसतील. तक्ते कुठल्या कपाटात कुजले की जळले, ठाऊक नाही. कुठे असतीलच, तर त्या गठ्ठ्यात माझ्या सुरेख अक्षरात वीस-एकवीस वेळा पितळ लिहिलेलं आहे, आणि खाली माझी सही आहे.

ते दुरुस्त करून लिहितो. बौद्धवाड्यात पितळ नव्हतं. मी आत गेलो नव्हतो. गिरजावहिनीचं दूध चांगलं होतं.